विनाप्रेक्षक

लिहा, बेलेकर. मायना तुमच्या पद्धतीनं घाला.
संघटनेच्या साहेबांना माझं एकच सांगणं आहे.
म्हणजे एकच नाही, पण एकापासून सुरू करतो.

बाहेरचे खेळाडू किती घ्यायचे ते आधी ठरवा.
गेल्या साली तीन, यंदा दोन,
सेमीफायनलच्या आदल्या रात्री पुन्हा तीन.
हा नियम आहे का मिसळीचा कट,
मागेल त्याला वाढायला?

आमच्या भालदार तालमीचा गोलकीपर इम्तियाज बागवान
मंडईत कोथिंबीर विकून साडेतीनला हातमोजे घालतो.
वेळ काढतो म्हणून त्याला दोन पिवळी दाखवून बाहेर काढता,
आणि समितीतला माणूस सोफ्यावर बसून
चौथ्या पंचाला बोटानं खुणावतो,
त्याला कुठलं कार्ड?
रंग सुचत नसेल तर मी सुचवीन.

जादा वेळ किती, हे एकट्या पंचाच्या मनगटावर का?
फळा लावा. खडूनं लिहिलं तरी चालेल.

मी उद्यमनगरात लेथवर आहे, सव्वीस वर्षं.
अर्ध्या सुताचा फरक पडला की शाफ्ट भंगारात,
पैसे पगारातनं.
मापातलं मला कळतं, एवढंच म्हणणं आहे.
लाईनमन दिनकर ऐवळेला मी एकोणीस वर्षं शिव्या घातल्यात.
चष्मा नव्हता तेव्हा चष्मा लाव म्हणून,
लावला तेव्हा त्या चष्म्याला.
शाळेत तो माझ्या मागच्या बाकावर होता.
हे घेऊ नका अर्जात.

मग फेब्रुवारीत ती दगडफेक झाली.
आमच्या बाजूनं सुरू झाली नव्हती.
आमच्या बाजूनं संपलीही नाही, ते सोडा.
साहेबांनी उरलेली स्पर्धा दारं लावून घेतली.
दगड मारले पंधरा पोरांनी,
शिक्षा अख्ख्या गावाला.
हे कुठल्या पुस्तकात बसतं?

तरी मी गेलो.
मैदानाच्या अंगाला माझ्या साडूची बिल्डिंग आहे,
गच्चीवर पाण्याची टाकी. चढलो.
मोकळ्या गॅलरीत एक कुत्रं सावली धरून बसलेलं.
हलगी नाही, गुलाल नाही.
चेंडूला बूट लागतो त्याचा आवाज असतो, बेलेकर,
ओल्या पोत्यावर बुक्की मारावी तसा.
एवढ्या वर्षांत मला माहीत नव्हतं.
इम्तियाज मागून बोलत असतो,
"डावीकडं बघ बाळा, डावीकडं."
पंच पडलेल्याला हात देऊन उठवतो
आणि विचारतो, पाणी पाहिजे का?

शेवटची दोन-तीन मिनिटं. शून्य-शून्य.
आमचा धैर्यशील इंगवले सुटला,
जाळं हललं,
आणि दिनकरचं निशाण वर.

टाकीवरून बचावाची रेघ सरळ दिसत होती,
चकमध्ये जॉब धरून डोळा लावावा तशी.
धैर्यशील पुढं होता.
सुतानं नव्हे. चांगला हातभर.

माझं तोंड सवयीनं उघडलेलं.
पहिलं अक्षर गेलंसुद्धा.
त्या मोकळ्या मैदानात ते असं घुमलं
की बावीस जणांनी वर बघितलं.
दिनकरनंही बघितलं,
निशाण तसंच धरून.

मी टाकीमागं खाली बसलो.
सिमेंट तापलेलं होतं, तरी बसलो.

हे काही लिहू नका. लिहिलंय? खोडा.
एवढंच घाला, की लाईनमनला मॅचमागं तीनशे रुपये
ही शरमेची गोष्ट आहे,
आणि दारं लावून मॅच पुन्हा घेऊ नये.
कारण? कारण घालू नका.
प्रत एकच काढा.
तालमीत कुणाला दाखवू नका,
तिथं गोल आपलाच होता असं सांगून आलोय.